मॉडेल मजकुरात लिहावे की आकृतीत काढावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉफ्टवेअरचे मॉडेल, म्हणजे त्यातल्या घटकांचे आणि संबंधांचे वर्णन, करायला बसलेल्या टीममध्ये हा वाद लवकर सुरू होतो आणि बहुतेक वेळा आवडीनिवडीवर अडकतो. खालची उत्तरे निवड करायला आणि निवडीनंतरच्या अडचणी सोडवायला उपयोगी पडावीत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच लहान व्यवस्था घेतली आहे: बसच्या आसनांचे ऑनलाइन आरक्षण. त्यात ग्राहक, आरक्षण, आसन आणि भरणा हे वर्ग (घटकांचे प्रकार) आहेत. आरक्षणाच्या चार अवस्था आहेत: मागितलेले, भरणा बाकी, पक्के आणि रद्द.

दोन्ही पद्धतींत मुळात फरक काय?

मॉडेल एक आणि त्याचे डोळ्यांना दिसणारे रूप दुसरे. ‘एका ग्राहकाची अनेक आरक्षणे असतात’ हा मॉडेलमधला संबंध झाला. तो दोन चौकोन आणि मधली रेघ काढून दाखवता येतो, एका ओळीत लिहूनही दाखवता येतो. संबंध दोन्हीकडे तोच राहतो.

फरक पडतो तो साठवणीत. आकृतीवर चालणारे टूल दोन गोष्टी जपते: मॉडेल, आणि प्रत्येक चौकोन कागदावर कुठे आहे, किती रुंद आहे, रेघ कुठून वळते याची मांडणी. मजकुरी पद्धतीत बहुधा फक्त मॉडेल लिहिलेले असते आणि मांडणी दरवेळी नव्याने काढली जाते. पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणी आणि सोयी या एका गोष्टीतून निघतात.

प्रश्न नवा नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरसाठी १९७० च्या दशकात आलेल्या एसडीएल या भाषेला सुरुवातीपासून चित्र होते आणि पुढे झेड.१०० या मानकात चित्ररूप व मजकूररूप अशी दोन्ही रूपे अधिकृतपणे दिली गेली. मजकूररूपात मांडणी हरवायची, म्हणून झेड.१०६ हे वेगळे मानक करून मजकुरातल्या टिप्पण्यांमध्ये चिन्हांच्या जागा लिहायची सोय करावी लागली. आजची टूल्स हाच खेळ नव्याने खेळत आहेत.

प्लांटयूएमएल किंवा मर्मेड वापरले म्हणजे मजकुरी मॉडेलिंग झाले का?

बहुतेक वेळा नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. ही दोन्ही टूल्स मजकुरातून चित्र काढतात. प्लांटयूएमएल २००९ मध्ये आले, मर्मेड २०१४ मध्ये. दोन्ही उत्तम आहेत, पण लिहिलेल्या गोष्टीला अर्थ आहे का हे ती तपासत नाहीत. ‘आरक्षण’ ऐवजी एका ओळीत चुकून ‘आरक्षन’ लिहिले तर प्लांटयूएमएल मुकाट्याने नवा चौकोन काढते. चूक कुठेही लाल होत नाही. चाळीस चौकोनांच्या आकृतीत तो एकटा पडलेला एकेचाळिसावा चौकोन आठवडेच्या आठवडे कुणाच्या नजरेला पडत नाही.

खऱ्या मजकुरी मॉडेलिंग भाषेला व्याकरणाबरोबर नावे जुळवण्याचे नियम असतात. अज्ञात नाव वापरले की तिथेच चूक दाखवली जाते. ओटावा विद्यापीठातली अंपल, एक्लिप्सच्या एक्सटेक्स्ट या भाषा बनवायच्या टूलमध्ये बांधलेल्या भाषा आणि सिसएमएल या मोठ्या यंत्रणांच्या मॉडेलिंग भाषेची दुसरी आवृत्ती ही याची उदाहरणे. सी-फोर, म्हणजे व्यवस्थेची रचना चार पातळ्यांवर दाखवण्याच्या पद्धतीसाठी असलेली स्ट्रक्चरायझर डीएसएल ही भाषाही यातच मोडते: तिथे घटक एकदाच लिहायचा आणि त्याच्यावरून हवी तेवढी दृश्ये काढायची. आकृती फक्त माहितीसाठी हवी असेल तर मर्मेड पुरेसे आहे. मॉडेलवरून कोड, तपासण्या किंवा इंटरफेस तयार होणार असतील तर पुरेसे नाही.

वाचायला सोपे काय?

कोण वाचतो आणि काय शोधतो यावर ते ठरते. ‘चित्र एका नजरेत कळते’ हे विधान अनुभवाने आणि संशोधनाने अर्धेच खरे ठरले आहे.

लार्किन आणि सायमन यांनी १९८७ मध्ये मांडलेला मुद्दा आजही पाया म्हणून धरावा असा आहे. एकत्र लागणारी माहिती आकृतीत एकाच जागी आणता येते, म्हणून शोधायचे श्रम वाचतात. पक्क्या आरक्षणातून कुठल्या अवस्थांत जाता येते हे अवस्थाचित्रात त्या चौकोनातून निघणारे बाण पाहून लगेच कळते. मजकुरात त्याच अवस्थेचा उल्लेख असलेल्या ओळी शोधत फिरावे लागते.

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. ग्रीन आणि पेट्रे यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लॅबव्ह्यू या चित्ररूप प्रोग्रामिंग टूलमधली शर्त-रचना आणि तिचे मजकुरी रूप यांची तुलना केली, तेव्हा वाचक मजकुरात अधिक जलद निघाले. ‘हे असेल आणि ते नसेल तर’ अशा गुंतलेल्या शर्ती रेघांमागून डोळा फिरवत वाचणे जड जाते.

पेट्रे यांनी पुढे दाखवलेली गोष्ट आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. अनुभवी माणूस आकृती काढताना जवळीक, रांगा, मोकळी जागा, समरूपता यांतून बरेच काही सांगतो. भाषेच्या नियमांत यातले काहीच नसते. तरी वाचक त्यावरच विसंबतो. भरण्याशी संबंधित सगळे घटक उजवीकडे एका गठ्ठ्यात ठेवले की वाचकाला तो विभाग न सांगता कळतो. नवख्याने काढलेल्या आकृतीत हीच जवळीक योगायोगाची असते आणि वाचक त्यातून चुकीचा अर्थ काढतो. म्हणजे आकृती वाचणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे, आणि वाईट मांडणीची आकृती मजकुरापेक्षा जास्त फसवते. मांडणीच्या निकषांपैकी रेघांची छेदाछेदी टाळणे वाचनाला सर्वाधिक मदत करते, हे हेलन पर्चेस यांच्या १९९७ च्या प्रयोगांतून पुढे आले. वेळ थोडा असेल तर आधी छेद कमी करा, रंग नंतर.

लिहायला जलद काय?

टायपिंगची सवय असलेल्यांसाठी मजकूर, आणि फरक मोठा आहे. माउसने चौकोन ओढा, नाव द्या, गुणधर्माची खिडकी उघडा, प्रकार निवडा, मग शेजारचे चार चौकोन सरकवून जागा करा, यात जाणारा वेळ मुख्यतः मांडणीचा असतो. मजकुरात शोधा-बदला, कॉपी-पेस्ट, एका वेळी अनेक ओळींत बदल ही सगळी हत्यारे फुकट मिळतात. फळ्यापाशी उभे राहून पहिला विचार करताना मात्र खडू किंवा मार्करला तोड नाही. त्या टप्प्यावर दोन्ही टूल्स बंद ठेवा.

गिटमध्ये आकृतीची फाइल ठेवली की मर्ज करताना घोळ का होतो?

गिट, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणारे टूल, दोघांचे बदल एकत्र (मर्ज) करताना ओळींची तुलना करते. आकृतीच्या फाइलमध्ये ओळींचा आणि अर्थाचा मेळ नसतो, म्हणून घोळ होतो. नेमकी कारणे अशी:

पहिले, अर्थ न बदलता फाइल बदलते. बीपीएमएन २.० या व्यवसायप्रक्रियांच्या आकृतीभाषेच्या फाइलमध्ये प्रक्रियेचा भाग वेगळा आणि आकृतीचा भाग वेगळा असतो. आकृतीच्या भागात प्रत्येक चौकोनाचे क्षितिजसमांतर व उभे अंतर, रुंदी, उंची आणि रेघेचे वळणबिंदू आकड्यांत लिहिलेले असतात. कुणी फक्त चौकोन सरळ रेषेत आणले तरी पन्नास ओळी बदलतात. दुसऱ्याने त्याच वेळी खरा बदल केला असेल तर तो या गर्दीत दिसत नाही. निदान इथे दोन भाग वेगळे असल्यामुळे तपासणाऱ्याने खालचा भाग सोडून वरचा वाचावा.

दुसरे, काही टूल्स फाइल पुन्हा साठवताना घटकांचा क्रम बदलतात किंवा तारीख-वेळ आत लिहितात. एक्सएमआय या मॉडेल्सच्या देवाणघेवाणीच्या फाइल-स्वरूपात घटकांना लांबलचक ओळखक्रमांक असतात आणि संदर्भ त्या क्रमांकांनी दिलेले असतात, त्यामुळे माणसाला तो फरक वाचून काही बोध होत नाही.

तिसरे, फाइल मुळात दाबून साठवलेली असते. सिम्युलिंक या ठोकळ्यांच्या आकृत्यांवर चालणाऱ्या मॉडेलिंग टूलने आर२०१२ए आवृत्तीपासून आणलेले एसएलएक्स स्वरूप म्हणजे आत एक्सएमएल असलेली झिप आहे. गिटला ती बायनरी दिसते; तिच्यासाठी त्या टूलचाच तुलना-पर्याय लागतो. एक्लिप्सवरच्या मॉडेल्ससाठी ईएमएफ कम्पेअर हे काम करते. तुलना मॉडेलच्या पातळीवर होत नसेल तर एकच मार्ग उरतो: एका वेळी एकानेच फाइल कुलूपबंद करून बदलायची. दोन-तीन माणसांत ते चालते, पंधरा माणसांत नाही.

मजकुरी मॉडेलमध्ये हा त्रास नाही, पण एक वेगळा धोका आहे. ओळी व्यवस्थित मर्ज होतात आणि मॉडेल मोडते. एकीने ‘भरणा’ वर्ग काढून टाकला, दुसऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये त्याचा संदर्भ जोडला. गिटला यात काहीच भांडण दिसत नाही. म्हणून मर्जनंतर पूर्ण मॉडेलची तपासणी चालवणे बंधनकारक ठेवा. एका ओळीत एकच घटक लिहा आणि फॉरमॅटर सगळ्यांकडे एकच ठेवा, म्हणजे नुसत्या रिकाम्या जागांचे फरक येणार नाहीत.

मजकुरात नाव बदलले की संदर्भ का तुटतात? आकृतीत तर तसे होत नाही.

आकृतीच्या टूलमध्ये ओळख क्रमांकाला असते, नाव हा त्यावरचा एक गुणधर्म. ‘भरणा’चे ‘शुल्कभरणा’ केले तरी क्रमांक तोच राहतो. मजकुरात नाव हीच ओळख. नाव एका जागी बदलले की बाकीच्या जागा जुन्या नावाकडे बोट दाखवत राहतात.

एडिटरमधली नाव-बदल सोय वापरली तर एका प्रकल्पातले सगळे संदर्भ बदलतात. पण मॉडेलच्या बाहेरचे दुवे, म्हणजे गरजांच्या यादीतले उल्लेख, चाचण्यांची नोंद, दुसऱ्या टीमच्या फाइली, तसेच राहतात. शिवाय इतिहासात हा बदल ‘जुना काढला, नवा जोडला’ असा दिसतो. ज्या क्षेत्रात गरजेपासून चाचणीपर्यंतचा माग दाखवावा लागतो, तिथे नावाबरोबर एक न बदलणारा छोटा संकेत लिहिण्याची सोय भाषेत आधीच करून ठेवा. सिसएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत घटकाला पूर्ण नावाशिवाय आखूड नावही देता येते, ते या कामी येते.

एकच ओळ वाढवली आणि आपोआप काढलेली आकृती पूर्ण उलटीपालटी झाली. का?

प्लांटयूएमएल वर्गचित्रासाठी मांडणीचे काम ग्राफव्हिजच्या डॉट या प्रोग्रामकडे देते. (अनुक्रमचित्राची, म्हणजे कोण कुणाला कुठल्या क्रमाने निरोप देतो त्या चित्राची, मांडणी ते स्वतः करते, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही.) डॉटची रीत सुगियामा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या थरांच्या पद्धतीतली आहे. आधी चक्रे मोडण्यासाठी काही बाण तात्पुरते उलटवायचे, मग घटक थरांत बसवायचे, मग प्रत्येक थरातला क्रम असा लावायचा की छेद कमी व्हावेत, आणि शेवटी प्रत्यक्ष जागा व रेघा ठरवायच्या.

यातला छेद कमी करण्याचा टप्पा गणिती दृष्टीने अवघड आहे. फक्त दोन थर असले तरी सर्वोत्तम उत्तर शोधणे एनपी-कम्प्लीट, म्हणजे ज्याला झटपट सोडवण्याची रीत माहीत नाही असे, ठरते. म्हणून अंदाजपद्धती वापरतात. एक नवा बाण आला की एखादा घटक वेगळ्या थरात जातो, त्याने खालचे थर सरकतात आणि अंदाजपद्धत पूर्ण वेगळ्या क्रमावर थांबते. टूलला मागची आकृती माहीतच नसते, त्यामुळे तुमच्या डोक्यात बसलेला नकाशा ती जपू शकत नाही.

उपाय, आमच्या पसंतीच्या क्रमाने:

1. आकृती लहान करा. बारा-पंधरा चौकोनांपर्यंत उलथापालथ सहन होते, त्यापुढे नाही.
2. प्लांटयूएमएलच्या वर्गचित्रात एका डॅशचा बाण आडवा आणि दोन डॅशचा बाण उभा जातो. मुख्य प्रवाहाचे तीन-चार बाण आधी नीट दिशेने लावा, बाकीचे टूलवर सोडा.
3. एकत्र राहायला हवेत असे घटक गटात बांधा.
4. न दिसणारे बाण हा शेवटचा मार्ग. दोन-तीन ठीक आहेत. दहा झाले की मजकूर मॉडेलचा राहत नाही, मांडणीचा होतो, आणि मजकूर निवडण्याचे कारणच संपते.
5. मर्मेडमध्ये नेहमीच्या डॅगरे मांडणीऐवजी ईएलके निवडून पाहा. दाट जाळ्यांत ती बरेचदा उजवी पडते.

मांडणीलाच अर्थ असेल, उदाहरणार्थ डावीकडे इंटरनेट, मध्ये सेवा, उजवीकडे बँक असा आराखडा वर्षानुवर्षे भिंतीवर राहणार असेल, तर ती आकृती हाताने काढा आणि तिचे पालकत्व एका माणसाकडे द्या.

कुठली आकृती कशात ठेवावी?

अनुक्रमचित्र: मजकुरात, जवळजवळ नेहमी. वेळ वरून खाली जातो, ओळीही वरून खाली जातात, म्हणून मांडणीचा प्रश्नच उरत नाही. «"ग्राहक" -> "आरक्षण सेवा" : आसन मागा» ही ओळ चित्राशिवायही वाचता येते.

अवस्थाचित्र: अवस्था दहाच्या आत असतील तर वाचायला आकृती, साठवायला मजकूर. एकात एक अवस्था आणि समांतर भाग आले, म्हणजे हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेली स्टेटचार्टची ताकद वापरायची झाली, की समजून घेण्यासाठी आकृती अनिवार्य होते.

वर्गचित्र: शंभर वर्गांचा तपशील मजकुरात, आणि त्यातून विषयवार पाच-सहा छोटी चित्रे. शंभर वर्गांची एकच आकृती कुणीही वाचत नाही.

व्यवसायप्रक्रिया: वाचणारे व्यवस्थापक आणि लेखा विभागाचे असतील तर बीपीएमएनची आकृती, हाताने मांडलेली.

कारखान्यातले नियंत्रण: आयईसी ६११३१-३ या १९९३ च्या मानकात शिडीची आकृती आणि ठोकळ्यांची आकृती यांबरोबर स्ट्रक्चर्ड टेक्स्टही आहे. शिडीची आकृती रिलेच्या जुन्या वायरिंग नकाशासारखी दिसते, म्हणून रात्रपाळीचा इलेक्ट्रिशियन ती चालू यंत्रावर वाचू शकतो. गणित, लूप आणि तक्ते स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहा; शिडीत ते पानेच्या पाने होतात.

आकृतीत अजिबात न मावणारे काय असते?

अटी आणि सूत्रे. ‘बस सुटायला चार तासांपेक्षा कमी वेळ असेल तर पक्के आरक्षण रद्द करता येणार नाही’ किंवा ‘एका फेरीत एकाच आसनावर दोन पक्की आरक्षणे नसावीत’ हे चौकोन-बाणांत सांगता येत नाही. यूएमएल ही आकृत्यांची मॉडेलिंग भाषा १९९७ मध्ये मानक झाली तेव्हाच तिच्याबरोबर ओसीएल ही अटी लिहायची मजकुरी भाषा द्यावी लागली, ती याच कारणाने. म्हणजे शुद्ध आकृतीची पद्धत प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हती. अटी आकृतीच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीत मराठी वाक्य म्हणून टाकल्या तर त्या कुणीच तपासत नाही. त्या तपासता येतील अशा भाषेत लिहा.

दोन्ही एकदम ठेवता येतील का?

येतील. रस्ते तीन आहेत.

मूळ मजकूर, आकृती फक्त त्यावरून काढलेली. आकृतीत बदल करताच येत नाही. हा सर्वात टिकाऊ रस्ता आहे आणि कोड लिहिणाऱ्या टीमने इथूनच सुरुवात करावी.

मजकूर आणि आकृती दोन्हींत बदल, टूल दोघांना जुळते ठेवते. ऐकायला हेच आदर्श वाटते. बांधायला हेच सर्वात कठीण आहे. मजकूर टाइप होत असताना बहुतांश वेळ तो अर्धवट, म्हणजे व्याकरणदृष्ट्या चुकीचा असतो. त्या क्षणी आकृतीने काय दाखवायचे? आकृतीतून चौकोन काढून टाकला तर मजकुरातल्या त्याच्या वरच्या टिप्पणीचे काय करायचे? मांडणी वेगळ्या फाइलमध्ये नावांच्या आधारे जोडलेली असते, म्हणून मजकुरात नाव बदलले की चौकोन आपली जागा विसरून कोपऱ्यात जातो. हे टूल विकत किंवा मोफत घेण्याआधी नेमक्या याच तीन गोष्टी करून पाहा: अर्धवट ओळ, टिप्पणी असलेला घटक काढून टाकणे, नाव बदलणे.

तिसरा रस्ता प्रोजेक्शनल एडिटरचा, ज्याचे ठळक उदाहरण जेटब्रेन्सचे एमपीएस आहे. तिथे फाइलमध्ये मजकूर नसतोच. मॉडेलचे झाड असते आणि मजकूर, तक्ता, आकृती ही त्याची दृश्ये असतात. जुळवाजुळवीचा प्रश्न संपतो. त्या बदल्यात साधा एडिटर आणि साधी गिट तुलना दोन्ही सोडावी लागतात.

ज्याने नुकसान होते तो चौथा प्रकार म्हणजे मजकूर आणि आकृती दोन्ही हाताने, वेगवेगळ्या फाइलींत, ‘आठवणीने’ जुळत्या ठेवणे. ते जुळत नाहीत.

आपल्या क्षेत्राची स्वतःची भाषा बनवायची आहे. कशाला किती मेहनत?

मजकुरी भाषेसाठी एक्सटेक्स्टमध्ये किंवा टाइपस्क्रिप्टवाल्यांसाठी लँगियममध्ये व्याकरण लिहा. पार्सर (मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग), रंगसंगती, नाव पूर्ण करण्याची सोय बरीचशी आपोआप मिळते. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषेचा सर्व्हर यांनी बोलायची ठरलेली रीत, २०१६ मध्ये आल्यापासून एकच सर्व्हर अनेक एडिटरांत चालतो. व्याकरण ही सोपी बाजू आहे. खरा वेळ जातो तो कुठल्या जागी कुठली नावे दिसावीत हे ठरवण्यात, अर्थाच्या तपासण्यांत, आणि चूक दाखवणारे संदेश माणसाला समजतील असे लिहिण्यात. नवखे लोक हमखास अडकतात ती जागा म्हणजे गणिती पदावली: एक्सटेक्स्टचा पार्सर अँटलर या पार्सर बनवणाऱ्या टूलवर आधारलेला असून डावीकडून स्वतःलाच बोलावणारा नियम स्वीकारत नाही. बेरजेचा नियम गुणाकाराच्या नियमावर, गुणाकाराचा मूळ पदावर, असे प्राधान्याप्रमाणे थर करा.

आकृतीसाठी एक्लिप्स सिरियस किंवा ब्राउझरमधल्या एडिटरसाठी जीएलएसपी आहे. पहिला चौकोन पडद्यावर दिसायला वेळ लागत नाही आणि त्यामुळे कामाचा अंदाज चुकतो. पुढची कामे कंटाळवाणी आणि आवश्यक असतात: पूर्ववत करणे, कॉपी-पेस्ट, रेघांची वळणे, छपाई, मोठ्या आकृतीतला वेग. एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा: डिलीट दाबल्यावर घटक या आकृतीतून जावा की मॉडेलमधून? दोन्हींसाठी वेगळी बटणे आणि वेगळे शब्द हवेत. हे न केलेल्या टूलमध्ये कुणीतरी आकृती ‘स्वच्छ’ करताना मॉडेलचा अर्धा भाग उडवतो आणि दुसऱ्या आकृत्यांतूनही तो नाहीसा होतो.

सिसएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीने काय बदलले?

ओएमजी या मानकसंस्थेने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या या आवृत्तीत मजकुरी नोटेशन आकृतीच्या बरोबरीने मानकाचाच भाग आहे. पहिली आवृत्ती यूएमएलवर बेतलेली आणि आकृतीप्रधान होती. ही केईआरएमएल या नव्या पायावर उभी आहे. विमान, मोटार, उपग्रह अशा क्षेत्रांतली मॉडेल्स आता साध्या फाइलींत लिहून गिटमध्ये ठेवता येतात. तिच्या प्रायोगिक अंमलबजावणीत मजकूर एक्सटेक्स्टने वाचला जातो आणि आकृती प्लांटयूएमएलने काढली जाते. दोन्ही नोटेशनांच्या मागे एकच अर्थ आहे हे मानकानेच बांधून दिल्यामुळे टीममधल्या प्रत्येकाने तेच रूप वापरण्याची सक्ती उरत नाही.

घटकांची नावे मराठीत देता येतील का?

येतील, आणि सरकारी किंवा सहकारी क्षेत्रातल्या लोकांबरोबर बसून मॉडेल करताना द्यावीतच. चार ठिकाणी काळजी घ्या.

फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा आणि प्लांटयूएमएल चालवताना अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे स्पष्ट सांगा.

नावे अवतरणचिन्हांत लिहा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना युनिकोडमध्ये अक्षराचा दर्जा नाही. ती जोडचिन्हांच्या गटात येतात. नावात फक्त अक्षरे आणि आकडे चालतील असे व्याकरण लिहिलेले असेल तर ‘आसन’ चालते आणि ‘फेरी’ अडते. स्वतःची भाषा बनवत असाल तर नावाच्या नियमात ही जोडचिन्हे आणि दोन्ही प्रकारचे जॉइनर (अक्षरे जोडणारी किंवा वेगळी ठेवणारी न दिसणारी चिन्हे) घ्या.

‘फेऱ्या’ सारखा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ पासून, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जॉइनर घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, टूलला ती दोन वेगळी नावे वाटतात. टीममध्ये दोन कीबोर्ड वापरात असले की हे होतेच. तुलना करण्याआधी नावे एका रूपात आणणारी छोटी तपासणी ठेवा.

सर्व्हरवर देवनागरी फाँट नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन येतात. हलक्या कंटेनरमध्ये फाँट मुळीच नसतात. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवा. एसव्हीजी या चित्रस्वरूपात मजकुराची रुंदी आकृती बनवणाऱ्या यंत्रावरच्या फाँटने मोजून लिहिली जाते. वाचणाऱ्याकडे वेगळा फाँट असला तर अक्षरे ताणली जातात आणि शिरोरेखा तुटलेली दिसते. दोन्हीकडे एकच फाँट ठेवा, नाहीतर पीएनजी द्या.

काम सुरू करताना बिल्ड सर्व्हरवर काय बसवावे?

बिल्ड सर्व्हर म्हणजे प्रत्येक बदलानंतर सॉफ्टवेअर आपोआप बांधून तपासणारे यंत्र. मॉडेलच्या फाइली कोडच्याच रिपॉझिटरीत (गिटच्या साठ्यात) ठेवा. टूलची आवृत्ती पक्की बांधा, कारण आवृत्ती बदलली की मांडणी बदलते. प्रत्येक बदलावर आधी फक्त व्याकरण आणि संदर्भ तपासा आणि चूक असेल तर बिल्ड थांबवा. चित्रे त्यानंतर काढा. प्लांटयूएमएलचे चित्र नेहमीच्या सेटिंगमध्ये ४०९६ पिक्सेलला कापले जाते. मर्यादा वाढवता येते, पण कापले जाणे ही आकृती तोडायची वेळ आल्याची खूण समजा. मर्मेडमध्ये ५०,००० अक्षरांची मर्यादा असते. मर्मेडच्या फ्लोचार्टमध्ये इंग्रजी ‘एंड’ हा शब्द सगळ्या लहान अक्षरांत नाव म्हणून आला तर आकृती मोडते. एखादे अक्षर मोठे करा किंवा अवतरणात टाका.

काढलेली चित्रे रिपॉझिटरीत टाकू नका. गिटहब २०२२ पासून मर्मेड स्वतःच दाखवते. बाकीची बिल्डमधून दस्तऐवजात जाऊ द्या.

सार्वजनिक सर्व्हरवर आकृती काढली तर गुप्ततेचे काय?

प्लांटयूएमएलच्या सर्व्हरला आकृतीचा पूर्ण मजकूर पत्त्याच्या दुव्यातच जातो. तो फक्त दाबून सांकेतिक केलेला असतो, कूटबद्ध नसतो. दुवा ज्याच्याकडे गेला, किंवा ज्या प्रॉक्सीच्या नोंदीत राहिला, त्याला मजकूर परत मिळवता येतो. प्लांटयूएमएलने काढलेल्या पीएनजीतही मूळ मजकूर आत ठेवलेला असतो, तोसुद्धा बाहेर काढता येतो. ग्राहकाची व्यवस्था दाखवणारे चित्र बाहेर पाठवण्याआधी ही आतली माहिती काढून टाका. आपल्याच सर्व्हरवर प्लांटयूएमएल किंवा क्रोकी (अनेक नोटेशनांतून आकृत्या काढणारा सर्व्हर) चालवणे सोपे आहे, तेच करा.

जुन्या शेकडो आकृत्या मजकुरात कशा आणायच्या?

सगळ्या आणू नका. गेल्या वर्षभरात कुणी उघडलेल्या किंवा बदललेल्या वेगळ्या काढा. बाकीच्या पीडीएफ करून संग्रहात टाका. उरलेल्यांपैकी ज्या खऱ्या मॉडेलिंग टूलमध्ये केलेल्या आहेत त्यांच्या एक्सएमआयवरून मजकूर काढणारी स्क्रिप्ट लिहिता येते. जुन्या एक्सएमआयमध्ये मांडणी नसते, त्यामुळे आकृती वेगळी दिसेल हे वाचणाऱ्यांना आधी सांगा. नुसत्या चित्रकलेच्या टूलमध्ये काढलेल्या आकृत्यांत रेघ चौकोनाला चिकटलेली आहे की नुसती शेजारी संपते हे टूललाही माहीत नसते; त्या हातानेच लिहाव्या लागतात. लिहिताना प्रत्येक रेघेला विचारा की हा संबंध आजच्या कोडमध्ये आहे का. नसेल तर ती रेघ मजकुरात आणू नका.

एआयच्या भाषा-मॉडेलकडून आकृती लिहून घेतली तर?

मजकुरी नोटेशन असल्यामुळे ते शक्य होते आणि व्याकरण बहुधा बरोबर येते. चूक येते ती नावांत: नसलेल्या वर्गाचा संदर्भ, नसलेली अवस्था. प्लांटयूएमएल तीही सुबक काढून दाखवते. म्हणून असा मजकूर संदर्भ तपासणाऱ्या भाषेत घ्या, किंवा त्यातली नावे कोडमधल्या नावांशी जुळतात का हे पाहणारी तपासणी बिल्डमध्ये ठेवा.